सफरचंदावरचं मेण, बटाट्याची साल आणि तिवराची मुळं

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये फळांच्या साली, झाडांच्या साली आणि पानांवरचं मेण यावरचेच प्रश्न जास्त होते, म्हणून बाकीचे पुढच्या अंकात घेते आणि हे सगळे एकत्र. पत्रं वेगवेगळ्या घरांतून आलीत पण मुद्दा एकच आहे, झाडाची पेशी स्वतःची भिंत पाण्याला बंद कशी करते आणि ती बंद केलेली भिंत आपण रोजच्या कामात कुठे कुठे उगाच खरवडून टाकतो.

प्रश्न : ताई, व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ फिरतोय, त्यात सफरचंद चाकूने खरवडतात आणि पांढरं मेण निघतं, म्हणे हे पोटात साठतं. तेव्हापासून मी सफरचंद, द्राक्षं सगळं कडकडीत गरम पाण्यात घालून ठेवते, पण द्राक्षं दुसऱ्या दिवशी लुळी पडतात. परवा दादर मार्केटमधून केळीची पानं आणली तर त्यांच्यापण मागच्या बाजूला पांढरी पावडर. आता पानांना पण मेण मारायला लागले का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : नाही हो, केळीच्या पानाला कोणी मेण मारत नाही, ते पानाचं स्वतःचं आहे. पुढच्या वेळी पान आणलंत की उलटं करून उजेडात धरा आणि मधल्या दांड्याच्या बाजूला अंगठा जरा दाबून फिरवा. अंगठा फिरला तिथे पान एकदम गडद हिरवं दिसेल, आजूबाजूला तसंच फिकट, दुधट, आणि बोटाला जे लागेल ते नुसत्या पाण्याने लवकर जाणार नाही. मग त्या पुसलेल्या जागेवर एक थेंब पाणी टाका आणि शेजारच्या न पुसलेल्या जागेवर एक. पुसलेल्या जागचा थेंब बसका होऊन पसरेल, न पुसलेल्या जागचा गोल राहील आणि पान जरा कललं की पळेल. अळवावरचं पाणी म्हणतो ना आपण, ते हेच.

हे मेण कुठून येतं तर पानाच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशींमधून. या पेशींच्या आत प्लास्टिड नावाचे कण असतात, तिथे १६ आणि १८ कार्बनची साखळी असलेली फॅटी अ‍ॅसिड तयार होतात, म्हणजे आपल्या खाण्याच्या तेलात असतात त्याच घराण्यातली. पुढे दोन रस्ते फुटतात. काही साखळ्यांना थोडे बदल करून ग्लिसरॉलशी बांधून पेशीच्या बाहेर पाठवतात, आणि तिथे भिंतीच्या बाहेरच्या अंगाला त्या एकमेकींना जोडल्या जाऊन क्युटिन नावाचं जाळं तयार होतं, रसायनाच्या भाषेत हे एक पॉलिएस्टरच आहे. गंमत म्हणजे हे जोडकाम पेशीच्या आत होतच नाही, बाहेर होतं. २०१२ साली टोमॅटोवर काम करणाऱ्यांनी ते करणारं एन्झाइम दाखवलं, आणि ज्या टोमॅटोत ते एन्झाइम बिघडलेलं होतं त्यांच्या सालीत नेहमीच्या एकदशांशाहून जास्त क्युटिन उरलं नव्हतं. दुसऱ्या रस्त्यावर साखळी दोन-दोन कार्बनने वाढवत नेतात, २४, २६, २८ असं करत पार ३० च्या पुढे, आणि त्यातून जे होतं ते मेण. पेशीच्या पडद्यात बसलेले पंप हे मेण बाहेर ढकलतात, ते भिंत ओलांडून क्युटिनच्या जाळ्यात भरतं आणि उरलेलं वर येऊन आपोआप त्याचे स्फटिक बनतात, कुठे पापुद्रे तर कुठे अगदी बारीक नळ्या. या सगळ्या थराला मिळून क्युटिकल म्हणतात.

पाणी धरून ठेवायचं काम मुख्यतः मेणाचं. प्रयोगात मेण विरघळवून काढलं की त्याच सालीतून पाणी दहापट, काही झाडांत तर हजारपटीपर्यंत जास्त वेगाने जातं. आणि थर जाड म्हणजे चांगला असंही नाही बरं का, कारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा पातळ थरसुद्धा पाणी अडवू शकतो, मेणाच्या साखळ्या किती दाटीने आणि नीट लागल्यात त्यावर सगळं अवलंबून असतं. कमळाच्या पानावर तर याच्या जोडीला बारीक उंचवटे असतात, उंचवट्यांवर मेणाच्या नळ्या, म्हणून थेंब पानाला जेमतेम टेकतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. १९९७ मध्ये बॉन विद्यापीठातल्या विल्हेल्म बार्थलॉट यांनी हे नीट मांडलं आणि त्यानंतर स्वतःहून स्वच्छ राहणारे रंग, काचा असं बरंच काही त्यावरून निघालं. अळूचं पानही याच पद्धतीने चालतं.

आता तुमची द्राक्षं. द्राक्षावरची ती पांढुरकी झाक म्हणजे द्राक्षाचंच मेण, त्यात ओलिअ‍ॅनोलिक अ‍ॅसिड नावाचं द्रव्य भरपूर असतं. ही झाक शाबूत असेल तर घड फार हाताळलेला नाही असं समजायचं, मी तरी नाशिकची द्राक्षं घेताना तेच बघते. गरम पाण्याने तुम्ही ते मेण विस्कटून टाकता मग आतलं पाणी उडून जातं आणि फळ लुळं पडतं. तासगाव-सांगलीकडचे बेदाणेवाले मुद्दाम हेच करतात, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून काढतात, मेणाची रचना ढिली होते आणि द्राक्षं पटकन सुकतात. म्हणजे तुम्ही घरात नकळत बेदाण्याची पहिली पायरी करताय! द्राक्षं खायच्या आधी धुवा, आणून ठेवताना नको.

सफरचंदाचं थोडं वेगळं आहे. त्याचं स्वतःचं मेण असतंच, पण तोडल्यावर धुताना त्यातलं काही निघून जातं म्हणून काही ठिकाणी वरून पातळ थर देतात. आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमांत ताज्या फळांवर मधमाशीचं मेण, कार्नोबा मेण आणि शेलॅक यांना परवानगी आहे आणि तसं लेबलवर लिहायचं असतं. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका पाम झाडाच्या पानावरून खरवडून काढलेलं मेण, म्हणजे एका झाडाचं क्युटिकलचं मेण दुसऱ्या झाडाच्या फळावर. शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्याची लाख. हे पोटात साठून बसत नाही, न पचता निघून जातं. चाकूने पांढरं निघालं एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण झाडावरून थेट तोडलेलं सफरचंद खरवडलंत तरी निघेल. कीटकनाशकाची काळजी वाटत असेल तर ती रास्त आहे, त्यासाठी वाहत्या नळाखाली हाताने चोळून धुवायचं, फारच वाटलं तर साल काढायची. कडकडीत पाणी नको.

प्रश्न : मनी प्लांट आणि रबर प्लांटच्या पानांना खोबरेल तेल लावून पुसलं की छान चकाकतात. लावावं का? — एक वाचक, चेंबूर

उत्तर : नको. पानाला चकाकायला हवं ते त्याच्या अंगावर आहे, त्यावर फक्त धूळ बसलीय. तेलावर आणखी धूळ चिकटते आणि पर्णरंध्रांची तोंडं बुजतात, रबर प्लांटची पर्णरंध्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात म्हणून तिथे तर तेलाचा हात अजिबात लावू नका. ओल्या मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसा, साबण नको, दूध नको, बिअर नको (हो, हेही कोणीतरी विचारलं होतं). आणि केळ, कमळ, अळू, सक्युलंट यांची भुरकट पानं तर पुसूच नका, ती धूळ नाही.

प्रश्न : नमस्कार मॅडम. नवा बटाटा नुसता अंगठ्याने चोळला तरी साल निघते आणि जुन्याची सोलाणं घेऊन बसावं लागतं, असं का? दुसरं म्हणजे अर्धा कापलेला बटाटा टोपलीत राहून गेला होता, चार-पाच दिवसांनी बघितलं तर कापलेल्या बाजूला चक्क कडक साल धरलेली. कांदा, टोमॅटो कापून ठेवला तर सडतो, बटाट्याला नवीन साल येते कशी? — एक वाचक, भांडुप

उत्तर : तुमचं दुसरं निरीक्षण फार चांगलं आहे, तेच आधी घेते.

वर क्युटिकलचं सांगितलं ते फळा-पानांच्या हिरव्या, कोवळ्या कातडीचं. ती कातडी ताणली जाऊन फाटते, किंवा कापली जाते, किंवा जमिनीखाली असते, तिथे झाड दुसरी पद्धत वापरतं. तिथे सुबेरिन नावाचं द्रव्य येतं आणि ते भिंतीच्या बाहेर नाही तर आतल्या अंगाला बसतं, पेशीचा पडदा आणि भिंत यांच्या मध्ये. मुंबईच्या भाषेत सांगायचं तर क्युटिकल म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला बाहेरून केलेलं वॉटरप्रूफिंग, आणि सुबेरिन म्हणजे प्रत्येक खोलीत आतून, चारी भिंतींना, छताला, जमिनीला सगळीकडे मारलेला थर, मग एका खोलीची भिंत फुटली तरी शेजारची खोली बंदच राहते.

सुबेरिन पण क्युटिनचं भावंडच, तेच फॅटी अ‍ॅसिड आणि ग्लिसरॉल, पण साखळ्या जास्त लांब, आणि त्यात फेरुलिक अ‍ॅसिड नावाचं द्रव्य जोडलेलं, ज्याच्यामुळे हा तेलकट भाग भिंतीतल्या लिग्निनच्या (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) जातीच्या भागाशी बांधला जातो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं तर फिकट-गडद, फिकट-गडद असे एकावर एक पापुद्रे दिसतात, आणि त्यांच्यात परत मेण भरलेलं. पाण्याला बंद, बुरशीलाही खायला कठीण. हे सगळं आतून लावून झालं की पेशी मरते, आत हवा राहते. मेलेल्या पेशींचा हा थर म्हणजेच बूच. १६६५ मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट हूकने धारदार चाकूने बुचाची पातळ चकती कापून मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि ज्या रिकाम्या खोल्या बघून ‘सेल’ हा शब्द वापरला त्या ह्याच, सुबेरिनने आतून बंद केलेल्या मेलेल्या पेशी. त्याने एका घन इंचात साधारण सव्वाशे कोटी खोल्या असतील असा हिशोब मांडला होता.

आता तुमचा अर्धा बटाटा. कापल्यावर वरच्या फुटलेल्या पेशी सुकतात, त्यांच्या लगेच खालच्या जिवंत पेशींना कळतं की आता आपण कडेला आलोय, आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच त्या स्वतःच्या भिंतींवर आतून सुबेरिन बसवायला लागतात. हा झाला तात्पुरता बंदोबस्त. मग त्याच्या खाली पेशींचा एक थर नव्याने विभागायला लागतो आणि बाहेरच्या बाजूला रांगेने बुचाच्या पेशी टाकत जातो, आठवडा-दोन आठवड्यांत पक्की साल होते. बटाटा म्हणजे जमिनीखालचं खोड आणि तोडल्यावरही तो जिवंत असतो, पिकलेल्या टोमॅटोची गोष्ट वेगळी, तो शेवटाकडे चाललेला असतो. म्हणून तर शेतकरी बियाण्याचा बटाटा फोडी करून लावू शकतात, पण फोडी केल्या केल्या लावत नाहीत, कापलेली बाजू आधी धरू देतात.

यासाठी लागते हवा, ओलसरपणा आणि बेताची ऊब, १५ ते २० अंशांच्या आसपास हे काम छान चालतं, फ्रीजच्या थंडीत जवळजवळ थांबतं. ओलसरपणा हवा म्हणजे हवेत हवा, बटाट्याच्या अंगावर पाण्याचा थर नको. हे मुंबईत फार महत्त्वाचं आहे. बटाटे धुऊन, ओलेच टोपलीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले की अंगावरच्या पाण्याने ऑक्सिजन आत जात नाही, साल धरत नाही, वल्करंध्रं, म्हणजे सालीतली हवेची बारीक छिद्रं, फुगून पांढरे ठिपके येतात आणि तिथूनच सडवणारे बॅक्टेरिया आत जातात, मग तो विशिष्ट वास, जुलै महिन्यात कोणत्या घरात आला नसेल! बटाटे कोरडेच ठेवा, मातीसकट चालतील, अंधारात, हवेशीर जागी, आणि वापरताना धुवा. हिरवा झालेला भाग मात्र काढून टाकायचा, तो विषय सालीचा नाही तर सोलानिन या विषारी द्रव्याचा आहे.

नव्या बटाट्याची साल का निघते तर बूच टाकणारा तो मधला थर अजून कामात असतो, त्याच्या पेशींच्या भिंती पातळ असतात, अंगठा फिरला की त्या फाटतात आणि वरची साल सुटून येते. बटाटा पक्व झाला की हा थर काम थांबवतो, भिंती जाड होतात आणि साल अंगाला घट्ट बसते. काढणीच्या आधी दहा-पंधरा दिवस शेतकरी वरचा पाला कापून टाकतात ते याचसाठी, साल पक्की होऊ द्यायला, नाहीतर मंचरहून वाशी मार्केटपर्यंत येता येता पोती घासून निम्मी साल गेलेली असते.

एकदा हे डोळ्यात बसलं ना की फळवाल्याच्या गाडीवर सगळीकडे दिसायला लागतं. खरबुजाची ती जाळी, ती नक्षी नाही, फळ आतून भराभर फुगतं आणि वरची कातडी तडकते तेव्हा त्या भेगा बुचाने बुजवल्या जातात, जाळी म्हणजे भरलेल्या भेगांचा नकाशाच. सफरचंद, नासपतीवर देठाजवळ खरखरीत तपकिरी डाग असतो तोही तसाच, क्युटिकल दुखावलं तिथे बूच आलंय, कीड नाही, खुशाल खा. चिकूची तपकिरी भुसभुशीत साल बुचाचीच. डहाणू-घोलवडचे बागायतदार चिकू तयार झालाय का ते बघताना ती भुकटी सहज झडते का बघतात आणि नखाने हलकं खरवडतात, खाली हिरवं दिसलं तर अजून झाडावर राहू दे, पिवळसर दिसलं तर उतरवा.

प्रश्न : मी नववीत आहे. आम्ही विक्रोळीला राहतो, खाडीजवळ. सायन्सच्या सरांनी सांगितलं की मिठाच्या पाण्याने झाड मरतं. मग तिवराची झाडं भरतीच्या पाण्यात उभी राहून जिवंत कशी? आणि त्यांची मुळं चिखलातून वर काय बघतात? — एक विद्यार्थिनी, विक्रोळी

उत्तर : प्रश्न मस्त विचारलास. सरांचं बरोबर आहे, मीठ आत गेलं तर तिवरसुद्धा मरेल, म्हणून तिवर ते आत घेतच नाही, म्हणजे फार थोडं घेतं. समुद्राच्या पाण्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त मीठ त्याच्या मुळाशीच अडतं.

कसं ते बघ. मूळ आडवं कापलंस तर बाहेर साल, मध्ये पाण्याच्या नळ्या आणि त्या नळ्यांभोवती पेशींचं एक कडं असतं, त्याला अंतस्त्वचा म्हणतात. बाहेरून आलेलं पाणी पेशींच्या भिंतींच्या फटींतून झिरपत झिरपत इथवर येऊ शकतं, पण इथे प्रत्येक पेशीभोवती एक पट्टी असते, दोन पेशींमधली फट पूर्ण बुजवणारी. रॉबर्ट कॅस्परी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये तिचं वर्णन केलं म्हणून तिला कॅस्परी पट्टी म्हणतात. ती सुबेरिनची की लिग्निनची यावर वर्षानुवर्षं चर्चा चालली, शेवटी २०१२ मध्ये अ‍ॅरॅबिडॉप्सिस नावाच्या छोट्याशा रोपावर स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी दाखवलं की पट्टी मुळात लिग्निनची असते. सुबेरिन त्यानंतर येतं आणि अख्ख्या पेशीला आतून वेढतं. म्हणजे पाण्याला आता फटीतून जायची सोयच नाही, पेशीच्या जिवंत पडद्यातूनच जावं लागतं, आणि पडदा पाणी सोडतो, मिठाला अडवतो.

सगळ्या झाडांच्या मुळांत हे असतं, तुमच्या घरच्या तुळशीतसुद्धा. खारफुटीत ते जास्त भक्कम असतं. सिंगापूरच्या संशोधकांनी तिवराच्या एका भाऊबंदावर काम केलं तेव्हा दिसलं की मीठ वाढवलं की मुळातलं सुबेरिनही वाढतं. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही, की ही भिंत एकदा बांधली म्हणजे संपलं असं नसतं. २०१६ मध्ये पुन्हा त्या लोझानच्याच गटाने अ‍ॅरॅबिडॉप्सिसवर दाखवलं, लोह किंवा झिंक कमी पडलं की मूळ सुबेरिन कमी करतं, म्हणजे खनिजं आत यायला वाट मोकळी, आणि मीठ वाढलं की सुबेरिन वाढवतं. मेंदू नाही, डोळे नाहीत, तरी भिंत किती बंद ठेवायची आणि किती उघडी हे मूळ रोज ठरवत असतं. मधे मधे काही पेशी तर सुबेरिनशिवायच ठेवलेल्या असतात, येण्याजाण्यासाठी. जे थोडं मीठ तरी आत येतं ते तिवर पानांवाटे बाहेर टाकतं. ओहोटीच्या वेळी कोरड्या दिवशी पानावर बोट फिरवून चाटून बघ, खारट लागेल (पान तोडू नकोस, नुसतं बोट).

ती वर बघणारी मुळं म्हणजे श्वसनमुळं. चिखलात हवा नसते आणि खालच्या मुळांना ऑक्सिजन तर हवा, म्हणून ती मुळं पेन्सिलीएवढी वर येतात. त्यांच्यावर बुचाची साल असते आणि सालीत बारीक बारीक उघडी ठिकाणं, वल्करंध्रं. ओहोटीला त्यांतून हवा आत जाते, भरतीला मूळ बुडालं तरी त्या छिद्रांच्या पेशी पाणी आत शिरू देत नाहीत. म्हणून त्या मुळांवर प्लास्टिकची पिशवी अडकणं ही साधी घाण नसते, झाडाचं नाक दाबलं जातं. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं, ते भरतीबरोबर किनाऱ्यावरच्या खारफुटीत शिरलं, तेव्हा काळजी हीच होती, की तेलाने श्वसनमुळांची छिद्रं बुजतात.

जमलं तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जा, लाकडी वाटेवरून चालत अगदी जवळून बघता येतं, ओहोटीची वेळ बघून जा. तिथे पांढऱ्या चिपीची माहिती विचार, २०२० मध्ये तिला महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलंय.

प्रश्न : आमच्या सोसायटीत तीन वर्षावृक्ष, एक गुलमोहोर आणि गेटजवळ एक बुचाचं झाड आहे. कमिटीने ठरवलंय की सगळ्या बुंध्यांना छान ऑइल पेंट मारायचा, कापलेल्या फांद्यांवर डांबर लावायचं आणि बुंध्याभोवती कट्टा बांधायचा. काही सभासदांचा विरोध आहे. तुमचं मत कळवावं, मीटिंगमध्ये वाचून दाखवू. — सेक्रेटरी, मुलुंड

उत्तर : मग स्पष्टच लिहिते, तिन्ही नको.

झाडाची साल मेलेल्या पेशींची असते म्हणून तिला काही लावलं तर काय बिघडतं असं वाटणं साहजिक आहे. पण सालीच्या काही मिलिमीटर खाली बूच टाकणारा जिवंत थर आहे, त्याखाली साखर वाहून नेणाऱ्या नळ्या, आणि या सगळ्यांना श्वास लागतो. बूच इतकं बंद असतं की झाडाला त्यात मुद्दाम खिडक्या ठेवाव्या लागतात, वल्करंध्रं. कोवळ्या फांदीवर जिथे पर्णरंध्र होतं बऱ्याचदा त्याच्याच खाली पुढे वल्करंध्र तयार होतं. गुलमोहोराच्या कोवळ्या फांदीवर बोट फिरवा, खडबडीत ठिपके लागतील. ऑइल पेंट म्हणजे या खिडक्यांवर न निघणारा थर. रस्त्यावरच्या झाडांना गेरू-चुना लावतात तो पावसात धुऊन जातो, त्याने फार काही होत नाही, रात्री गाडीवाल्याला बुंधा दिसावा एवढंच हवं असेल तर चुन्याचा एक पट्टा पुरे.

डांबराचं. फांदी कापली की माणसाच्या जखमेप्रमाणे ती भरून येईल असं आपल्याला वाटतं, तसं होत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून बघितली आणि १९७७ मध्ये मांडलं की झाड जखम भरत नाही, जखमेभोवती भिंती घालून तिला कोंडतं आणि बाहेरून नवीन लाकूड-साल तिच्यावर वाढवत नेतं. त्या भिंतींतही सुबेरिन असतं. डांबराने हे काम लवकर होत नाही, उलट खाली ओल अडकून राहते. महत्त्वाचं आहे ते फांदी कुठे कापली. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, त्याच्या किंचित बाहेर कापायचं, कडं राखून, खोडाशी सपाट नाही आणि हातभर खुंट ठेवूनही नाही. पावसाळ्याआधीची छाटणी करताना कंत्राटदाराला हे उभं राहून दाखवा, आणि परवानगी महापालिकेच्या उद्यान खात्याकडून घ्या, १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा सोसायटीच्या आवारालाही लागू आहे.

कट्ट्याने मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही, शिवाय खोडाच्या तळाशी माती-सिमेंट चढलं की तिथली साल कायम ओली राहून कुजते. निदान मीटरभर माती चारी बाजूंनी मोकळी ठेवा. बोर्ड, लायटिंगचे खिळे असतील तर आधी ते काढा.

आणि तुमच्या गेटजवळच्या बुचाच्या झाडाबद्दल, त्याची ती भेगाळलेली, बोटाने दाबली तर किंचित दबणारी साल बघून कमिटीला ती खराब झालीय असं वाटलं असेल तर तसं नाही, ती तशीच असते, जुन्या साली फाटत जातात आणि आत नवीन बूच येत राहतं. तिला खरं बूच मानत नाहीत, बाटलीचं, शटलकॉकचं, सीझन बॉलच्या आतलं बूच येतं ते बुचाच्या ओकपासून, आणि त्यातलं जगातलं निम्म्याच्या आसपास एकटं पोर्तुगाल देतं. तिथे झाड साधारण पंचवीस वर्षांचं होईपर्यंत हात लावत नाहीत, मग साल काढतात ती खालच्या जिवंत भागाला कुऱ्हाडीचं टोक लागू न देता, आणि परत नऊ वर्षं थांबतात, कारण नवीन बूच टाकणारा थर आत पुन्हा तयार व्हायला आणि साल जाड व्हायला तेवढा वेळ लागतो. तुमचं बुचाचं झाड पावसाळा संपल्यावर फुलेल, पहाटे गेटजवळ पांढऱ्या लांब देठाच्या फुलांचा सडा पडतो, तेवढा भाग वॉचमनला सकाळी सकाळी झाडायला लावू नका, मुलांना वेचू द्या. मीटिंगमध्ये काय ठरलं ते कळवा, आणि कमिटीपैकी कोणाला वल्करंध्रं बघायची असतील तर दहा रुपयाचं भिंग आणि गुलमोहोराची गळून पडलेली एक फांदी पुरेशी आहे.